रवे, फेऱ्या आणि इलेक्ट्रॉन

श्रोतेहो, गुळाच्या सौद्यात दोन प्रकारची मोजणी चालते, हे कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. रव्याचे, म्हणजे गुळाच्या ढेपेचे, वजन काट्यावर होते आणि काटा बदलला की थोडा फरक पडतोच. गाडीतून रवे किती उतरले, यात मात्र पाव-अर्ध्याचा वाद संभवत नाही. मराठीत दोन्हींना आपण ‘मोजणे’ म्हणतो. कापड मोजतो आणि पैसेही मोजतो. भौतिकशास्त्रात हा फरक जपावा लागतो, कारण प्रयोगशाळेत हाती येते ते बहुधा काट्यावरचे असते. आजचा विषय असलेल्या पदार्थाच्या टोपॉलॉजिकल प्रावस्थांचे मला आकर्षण वाटते ते एवढ्यासाठीच, की तिथे काट्यावर ठेवलेली राशी रव्यांसारखी मोजून मिळते.

वीजप्रवाह वाहणारी पातळ पट्टी चुंबकी क्षेत्रात ठेवली, तर प्रवाहाच्या आडव्या दिशेनेही विद्युत् दाब निर्माण होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवले. या आडव्या दाबाला प्रवाहाने भागले की हॉल रोध मिळतो. तो क्षेत्राप्रमाणे आणि इलेक्ट्रॉनांच्या संख्येप्रमाणे सलग बदलतो, अशीच पुढची शंभर वर्षे समजूत होती. फेब्रुवारी १९८० मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्ल येथील प्रयोगशाळेत क्लाउस फॉन क्लिट्झिंग रात्री उशिरा सिलिकॉनच्या एका ट्रान्झिस्टरवर मोजमापे घेत होते. तापमान केवल शून्याच्या जेमतेम दीड-दोन अंश वर होते आणि क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही लाख पट. इलेक्ट्रॉनांची संख्या हळूहळू वाढवत नेली, तेव्हा रोध उतारावरून घसरावा तसा न घसरता पायऱ्यापायऱ्यांनी उतरला, आणि प्रत्येक पायरीची किंमत होती २५,८१२.८ ओहम भागिले एक पूर्ण संख्या. हा आकडा म्हणजे प्लांकचा स्थिरांक (पुंजभौतिकीतला एक मूलभूत आकडा) भागिले इलेक्ट्रॉनच्या विद्युत्‌ भाराचा वर्ग; पट्टीची लांबी-रुंदी, सिलिकॉनची शुद्धता यांपैकी काहीही त्यात नाही. पुढे गॅलियम आर्सेनाइडच्या पट्ट्यांतही तोच आकडा मिळाला, आणि हा मेळ अब्जात एका भागापर्यंत बसतो. फॉन क्लिट्झिंग यांना १९८५ चे नोबेल मिळाले.

याहून नवलाची गोष्ट मला वेगळीच वाटते. गुऱ्हाळात भेंडीच्या रसाने मळी काढली नाही, तर गूळ काळा पडतो. या प्रयोगात थोडी मळी असावीच लागते. अशुद्धींमुळे पट्टीत जे खाचखळगे तयार होतात त्यांत काही इलेक्ट्रॉन अडकून पडतात आणि प्रवाहात भाग घेत नाहीत, म्हणून इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या थोडी कमीजास्त झाली तरी पायरी ढळत नाही. पट्टी अगदी निर्दोष असती, तर इतक्या रुंद पायऱ्या दिसल्याच नसत्या.

पण पूर्ण संख्याच का? रंकाळ्याला फेरी मारणारा माणूस मध्येच भेळेच्या गाडीकडे वळेल, ओळखीचे कोणी दिसले म्हणून दहा पावले मागेही येईल. तरी तो निघाला तिथेच परतला, तर तळ्याभोवती त्याच्या फेऱ्या किती झाल्या याचे उत्तर शून्य, एक, दोन असेच येणार. वाट कितीही वाकडी केली, तरी पाण्यात उतरल्याशिवाय त्या एकाचे शून्य करता येत नाही. टोपॉलॉजी ही गणिताची शाखा अशाच न ढळणाऱ्या गोष्टींचा अभ्यास करते. डेव्हिड थाउलेस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले, की स्फटिकातील इलेक्ट्रॉनच्या तरंगाची कला, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी त्याची स्थिती, संवेगाच्या सर्व शक्य मूल्यांच्या सीमेवरून एक चक्कर पूर्ण होताना जितक्या वेळा गरकन फिरते, तितक्या पटीत हॉल वाहकता, म्हणजे पायरीवर हॉल रोधाचा व्यस्त, असते. काटा शेवटी मूळ जागी आलाच पाहिजे, म्हणून फेऱ्या पूर्णच. फेऱ्यांच्या या संख्येला गणितात चेर्न संख्या म्हणतात, आणि पदार्थाच्या ज्या अवस्था अशा न ढळणाऱ्या संख्येने ओळखल्या जातात, त्याच टोपॉलॉजिकल प्रावस्था.

यातून कडेचे महत्त्वही आपोआप येते. पायरीवर असताना पट्टीचा आतला भाग निरोधक असतो, म्हणजे त्यातून वीज वाहत नाही. पट्टीच्या आत ही संख्या एक आणि बाहेरच्या हवेत शून्य. एकाचे शून्य सावकाश होत नाही, तेव्हा सीमेवर निरोधकपण मोडावेच लागते आणि तिथून वीज वाहते. ती एकाच दिशेने वाहते. परतीची वाट समोरच्या काठावर असल्याने, मध्ये अशुद्धीचा खडा आला, तरी इलेक्ट्रॉन त्याला वळसा घालून पुढेच जातो.

डंकन हॉल्डेन यांनी १९८८ मध्ये कागदावर दाखवून दिले, की बाहेरच्या एकूण चुंबकी क्षेत्राशिवायही हे घडू शकते. प्रयोगात ते दिसायला २०१३ साल उजाडले. थाउलेस आणि हॉल्डेन यांना मायकेल कोस्टरलिट्झ यांच्यासह २०१६ चे नोबेल मिळाले. पारा आणि टेल्युरियम यांच्या संयुगाच्या थरांत २००७ मध्ये, आणि पुढे बिस्मथच्या संयुगांत, अशा आणखी प्रावस्था सापडल्या. त्यांच्या उपयोगाविषयी जे मोठमोठे दावे होतात त्यांच्याकडे मी आज वळत नाही.

वळायचे आहे ते १९८२ च्या दुसऱ्या एका शोधाकडे, कारण त्याने हा सगळा हिशेब बिघडवला. डॅनियल त्सुई, होर्स्ट श्टोर्मर आणि आर्थर गोसार्ड यांना अतिशय शुद्ध पट्टीत पूर्ण संख्येऐवजी एक तृतीयांशाची पायरी दिसली. रवे मोजताना कोणी ‘एकाचा तिसरा हिस्सा उतरला’ म्हणावे, तसा हा प्रकार होता. रॉबर्ट लाफलिन यांनी १९८३ मध्ये त्याचा उलगडा केला: इलेक्ट्रॉन परस्परांना टाळत एकत्र नाचू लागतात आणि त्या समूहातून इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश भाराचे कण प्रकट होतात. १९९७ मध्ये प्रवाहातील खरखर मोजून हे भार प्रत्यक्ष दाखवले गेले. पुढे २/५, ३/७ अशा पायऱ्यांची रांगच लागली आणि प्रत्येकीसाठी वेगळे स्पष्टीकरण शोधण्याची वेळ आली.

जैनेन्द्र जैन यांनी १९८९ मध्ये जे केले ते गणिताइतकेच दृष्टीचे काम होते. राजस्थानात वाढलेल्या या शास्त्रज्ञाने रवा कशाला म्हणायचे हेच बदलले. प्रत्येक इलेक्ट्रॉनला दोन भोवरे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक तरंगातले भोवरे, बांधले, तर तयार होणारा जोडकण बाहेरचे बरेचसे चुंबकी क्षेत्र जणू गिळून टाकतो, आणि उरलेल्या क्षेत्रात तो साध्या इलेक्ट्रॉनासारखा वागतो. इलेक्ट्रॉनांच्या हिशेबात १/३, २/५ आणि ३/७ असलेल्या पायऱ्या या जोडकणांच्या हिशेबात एक, दोन आणि तीन होतात.