‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’ बघताय? मग राकुगोचे सीन पुढे ढकलू नका

[समोर गादी, बाजूला मिटलेला पंखा आणि सुती पंचा]

नमस्कार मंडळी. राकुगो म्हणजे एकट्यानं मंचावर बसून, सगळी पात्रं स्वतःच करत कथा सांगण्याची जपानी कला. ही अ‍ॅनिमे बघताना राकुगोचा सीन आला की दहा-दहा सेकंद पुढे पळवताय का? पळवू नका, कारण या मालिकेत माणसं एकमेकांना तोंडावर जे बोलत नाहीत, ते मंचावर बसून बोलतात.

गोष्ट थोडक्यात सांगतो. तुरुंगातून सुटलेला योतारो थेट याकुमो या नामवंत कलाकाराला गाठतो आणि ‘शिष्य करून घ्या’ म्हणतो. पुढे पहिला सीझन बराचसा भूतकाळात जातो. तरुणपणीचा याकुमो, म्हणजे किकुहिको, आणि त्याचा गुरुबंधू सुकेरोकु, दोघं एकाच दिवशी गुरूच्या दारात आलेले. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हारुको कुमोताची. स्टुडिओ डीननं २०१६ आणि २०१७ मध्ये दोन सीझन केले. शेवट सांगत नाही, घाबरू नका.

आता कामाचं. कलाकार वज्रासनासारखा बसतो आणि शेवटपर्यंत उठत नाही. हातात फक्त पंखा आणि पंचा.

[पंखा उचलून]

मिटलेला पंखा म्हणजे चॉपस्टिक, तलवार, चिलीम, वल्हं. सुकेरोकुची आवडती कथा ‘नोझाराशी’ लागली की तोच मासेमारीची काठी होतो. पंच्याचं पाकीट होतं, चिठ्ठी होते.

दोन पात्रं बोलतात कशी? मान वळवून. मान तुमच्या उजवीकडे वळली, की बोलणारा हाताखालचा किंवा बाहेरून आलेला: भाडेकरू, नोकर. डावीकडे वळली, की घरमालक, शेठ. वळण अगदी थोडं हवं. जास्त वळला, तर एका बाजूच्या प्रेक्षकांना नुसता कान दिसतो. समोरचा उभा आहे की बसलाय, मूल आहे की मोठा माणूस, हे नजर किती वर-खाली आहे त्यावरून कळतं. नवख्याची गाडी अडते ती इथेच. मान वळते, पण नजर तिथेच राहते, आणि दोन्ही पात्रं एकाच उंचीची होऊन बसतात.

एक घोळ मात्र अ‍ॅनिमेतच होतो. कॅमेरा कलाकाराच्या पाठीमागे गेला, की डावं-उजवं उलटं दिसतं. तिथे दिशा सोडा, आवाज ऐका. किकुहिकोचा आवाज अकिरा इशिदाचा. तरुण याकुमो तोच, म्हातारा तोच, आणि त्याच्या तोंडच्या कथांमधली पात्रंही तोच. सबटायटल वाचताना चेहरा हमखास सुटतो, म्हणून मोठा सीन दोनदा बघा. दुसऱ्यांदा सबटायटल बंद ठेवून.

युद्धकाळाचे भाग बघताना एक संदर्भ हाताशी असू द्या. १९४१ मध्ये कलाकारांनी स्वतःहून ५३ कथा बंद केल्या आणि टोकियोच्या आसाकुसा भागातल्या होन्पोजी मंदिरात त्यांची चक्क समाधी बांधली. वेश्यावस्ती, परस्त्री, असले विषय काळाला शोभत नाहीत म्हणून. १९४६ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. पुढे किकुहिकोला सूर सापडतो तो गणिकांच्याच कथांत. माझ्या मते मालिकेतली ही सगळ्यात हुशार जुळणी आहे.

आणि ‘शिनिगामी’, म्हणजे मृत्युदेवाची कथा. ही सान्युतेई एन्चो (१८३९–१९००) यांनी युरोपातल्या कथेवरून रचली. मृत्युदेव रोग्याच्या पायाशी बसला असेल, तर मंत्रानं हाकलता येतो. उशाशी असेल, तर हात लावायचा नाही. पैशाच्या मोहापायी नायक एक शक्कल लढवतो. मृत्युदेवाला डुलकी लागली, की अंथरूण गरकन फिरवायचं. उशाचं पायथ्याशी! मग देव त्याला गुहेत नेतो. तिथे माणसागणिक एक मेणबत्ती, आणि याची विझत आलेली. नव्या मेणबत्तीवर ज्योत लावायची, पण हात थरथरतोय.

[पंखा हळूहळू पुढे नेत]

शेवट प्रत्येक कलाकार आपापल्या पद्धतीनं करतो. रूढ पद्धतीत तो ‘विझली’ म्हणतो आणि बसल्या जागी पुढे कोसळतो. मालिकेत ही कथा पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक वेळी कोसळण्याआधी हातांकडे बघा.