जुन्या कॅमेऱ्याचे मीटर: ते किती चुकते, हे कसे ओळखावे

मित्रहो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा कॅमेरा वारशाने हाती आला की बहुतेक जण शटर एकदा दाबून त्याचा आवाज ऐकतात, लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशी आहे का ते पाहतात आणि मग मीटरचा, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राचा, काटा हलतो की नाही, एवढ्यावर त्या कॅमेऱ्याचा निकाल लावून मोकळे होतात. या घाईला माझा विरोध आहे. काटा हलतो म्हणून मीटर खरे सांगते असे नाही, आणि हलत नाही म्हणून ते कायमचे गेले असेही नाही. ते किती चुकते आणि दर वेळी तेवढेच चुकते का, हे एकदा नीट तपासले तर पन्नास वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यातही आज निर्धास्तपणे रोल घालता येतो.

पहिल्यांदा मीटरची जात ओळखावी. ऑलिंपस ट्रिप ३५ सारख्या कॅमेऱ्यात लेन्सभोवती बारीक भिंगांची जाळी दिसते. तिच्यामागे सेलेनियम असते, उजेड पडला की तेच वीज निर्माण करते आणि त्याला बॅटरी लागत नाही. ते क्षीण झाले असेल तर आपल्या हाती फारसे काही नसते. दुसरी जात कॅडमियम सल्फाइडची. उजेड वाढला की या पदार्थाचा विद्युतरोध घटतो, विद्युतमंडलातून जास्त प्रवाह वाहतो आणि काटा वर सरकतो. प्रवाहासाठी अर्थातच बॅटरी हवी, आणि वारशाने आलेल्या कॅमेऱ्यांच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

उदाहरणासाठी १९६६ साली बाजारात आलेला मिनोल्टा एसआर-टी १०१ घेऊ. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालेल असा बनवला होता. त्या सेलचा गुण असा, की संपत येईपर्यंत त्याचा विद्युतदाब जवळपास तसाच राहतो. म्हणून कारखान्याने मीटरचे सारे गणित त्या एका आकड्यावर बसवले. पारा विषारी असल्याने असे सेल पुढे बंद झाले; अमेरिकेने १९९६ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. आज त्याच आकाराचा अल्कलाइन सेल मिळतो, पण तो १.५ व्होल्टचा असतो आणि वापरासोबत त्याचा दाब उतरत जातो. परिणामी नव्या सेलवर काटा प्रत्यक्षाहून जास्त उजेड दाखवतो, आपण अ‍ॅपर्चर (लेन्समधले उजेडाचे छिद्र) लहान करतो आणि कमी उजेडामुळे निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट, येते. काही महिन्यांनी तोच कॅमेरा वेगळे आकडे सांगू लागतो. माझ्या मते ही बदलती चूक मोठ्या चुकीपेक्षा वाईट, कारण तिची भरपाई करता येत नाही.

यावर उपाय आहेत. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्ट देतो आणि तो आकडा बराच काळ टिकवतो. तो मूळ सेलपेक्षा लहान असल्यामुळे भोवती कडे बसवावे लागते, आणि वरची पट्टी सोलल्यावर हवा आत जायला मिनिटभर थांबावे लागते. पट्टी एकदा काढली की मात्र तो काही आठवड्यांचाच सोबती असतो. ज्यांना हे नको त्यांनी सिल्व्हर ऑक्साइडचा सेल वापरून दाब उतरवणारा छोटा डायोड कारागिराकडून बसवून घ्यावा.

काटा मुळीच हलत नसेल तर सेलचे झाकण उघडून आत नीट पाहावे. पितळी पत्रीवर हिरवट-पांढरा बुरा दिसला, तर गळलेल्या सेलमधील अल्कलीचा तो गंज आहे. कापसाची काडी व्हिनेगरमध्ये बुडवून, चांगली पिळून, बुरा निघेपर्यंत पत्री पुसावी आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा कोरडी करावी. थेंब आत ओघळू देऊ नये. एवढे करूनही काटा थरथरून पडत असेल, तर गंज पत्रीखालच्या तारेत शिरला आहे असे समजावे. आवरणाखाली ती तार काळी पडलेली असते. ती बदलून नवे डाग (सोल्डर) देण्याचे काम फोर्टमधील बोरा बाजारासारख्या ठिकाणी जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. तळाचे झाकण घरी उघडून बसू नये.

काटा हलू लागला की खरी परीक्षा. डिसेंबर-जानेवारीतल्या निरभ्र दुपारी मुंबईत आयएसओ (फिल्मची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १०० ला १/१२५ सेकंद शटर आणि एफ/१६ अ‍ॅपर्चर हे माप भरउन्हातल्या साध्या दृश्यासाठी बरोबर ठरते; मीटरचे उत्तर आधी त्याच्याशी ताडून पाहावे. त्यानंतर एकाच रंगाची, सारख्या उजेडातली भिंत निवडून जुन्या कॅमेऱ्याचे आणि डिजिटल कॅमेऱ्याचे माप ताडून पाहावे: एकदा उन्हात, एकदा सावलीत, एकदा खोलीत. उन्हातून थेट खोलीत येऊन लगेच आकडा वाचू नये, कारण कॅडमियम सल्फाइडला आधीच्या उजेडाचा प्रभाव झटकायला वेळ लागतो. चष्मा लावणाऱ्यांनी डोळा लावायच्या खिडकीतून मागून शिरणारा उजेड हाताने अडवावा, कारण या कॅमेऱ्यात तोही मीटरपर्यंत पोहोचतो. तिन्ही ठिकाणी मीटर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड दाखवत असेल, तर रोल २०० आयएसओचा असताना आयएसओची तबकडी १०० वर ठेवावी, की काम झाले. फरक जागोजागी वेगळा निघाला, तर मात्र सेल आणि विद्युतमंडल पुन्हा तपासून घ्यावे.

गिरगाव चौपाटीवरची चमकती वाळू किंवा लोकलच्या दारात उजेडाला पाठ करून उभा असलेला माणूस, अशा फ्रेममध्ये चित्र काळवंडले तर त्याचा दोष मीटरला देऊ नये. समोर जे आहे ते मध्यम करड्या तेजाचे आहे असे ते धरून चालते. तिथे एक-दोन स्टॉप वाढवण्याचा निर्णय आपला असतो.

आपल्या दमट हवेत कॅमेरा चामड्याच्या पेटीत कोंडून ठेवू नये, आणि तो महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावा. पहिला रोल रंगीत निगेटिव्हचा घ्यावा, कारण थोडा जास्त प्रकाश तो सहज सोसतो आणि स्लाइड फिल्म सोसत नाही. प्रत्येक फ्रेमपुढे अ‍ॅपर्चर, शटर आणि काट्याची जागा वहीत टिपून ठेवावी. रोल धुऊन आला की प्रिंटपेक्षा निगेटिव्ह उजेडासमोर धरून वहीशी ताडून पाहावे, कारण प्रिंट काढताना लॅब एक्स्पोजरची चूक सावरून घेते आणि मीटरचा दोष झाकला जातो.