शिंकेला आवर घालणारे प्रतिपिंड

नंदुरबारच्या या पथारीवर वाळणाऱ्या मिरचीजवळून जाताना येणारी शिंक ही अ‍ॅलर्जी नव्हे. ती तिखट धूळ नाकाला झोंबल्याची शिंक होय. आपल्याला कर्तव्य आहे ते चोपड्याजवळच्या या शिवारातील शिंकेशी. दादर ज्वारी फुलोऱ्यावर आली आहे, आणि सकाळी कणसाला खांदा लागताच उडणारा हा पिवळा धुरळा म्हणजे परागकण. या शेतकरीबाई पदराने नाक झाकूनच बांधावर उतरतात.

जळगावच्या दवाखान्यात त्यांच्या हातावर परागासारख्या संशयित पदार्थांच्या अर्कांचे थेंब ओळीने ठेवले आहेत. प्रत्येक थेंबातून सुईचे टोक कातडीत जेमतेम टेकवले जाते. पंधरावीस मिनिटांत एका थेंबाखाली गांध उठते. कातडीतील मास्ट पेशींवर आयजीई नावाचे प्रतिपिंड, म्हणजे परक्या पदार्थाला ओळखून धरणारी शरीराने बनवलेली प्रथिने, आधीच चिकटून बसलेले असतात. पराग भेटताच त्या पेशी हिस्टामिन हे गांध आणि शिंक आणणारे रसायन सोडतात. हे प्रतिपिंड १९६६ मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्याने ओळखले.

मात्र या आयजीईला आवर घालणारेही प्रतिपिंडच असतात, आणि हीच गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आयजीजी वर्गातील प्रतिपिंड परागातील प्रथिनाला मास्ट पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच धरतात. शिवाय आयजीजीने वेढलेले ते प्रथिन जेव्हा प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशीच्या प्रतिजन-ग्राहीला (परके प्रथिन ओळखून धरणाऱ्या रेणूला) आणि तिच्यावरील आयजीजीच्या ग्राहीला एकाच वेळी जोडले जाते, तेव्हा त्या पेशीला थांबण्याचा संकेत मिळतो आणि प्रतिपिंडांचे नवे उत्पादन मंदावते. खुद्द आयजीईदेखील बी-पेशीवरील सीडी-२३ या ग्राहीला बिलगून स्वतःच्या निर्मितीला लगाम घालू शकते.

शीतकपाटातून निघालेल्या या बाटल्यांत तोच पराग आहे, अत्यल्प मात्रेत. १९११ मध्ये लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क टोचून हा मार्ग दाखवला, तेव्हा आयजीईचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. मात्रा वाढत जाते तशी आयजीजी, विशेषतः आयजीजी-४, वाढते. आयजीई मात्र प्रथम थोडी चढते आणि मग वर्षावर्षाने उतरते. उपचार तीन ते पाच वर्षांचा आहे, अनेक जण तो अर्ध्यावर सोडतात, आणि क्वचित तीव्र प्रतिक्रियाही उद्भवते.

म्हणूनच सुई घेतल्यावर बाई अर्धा तास या बाकावर बसून आहेत. परिचारिका दंडावरील टोचलेली जागा पाहते आणि वहीत पुढची तारीख लिहिते.