सुई टोचण्याआधीची दोन मिनिटं

अपुऱ्या दिवसांच्या या बाळाची रक्तातली साखर तपासायची आहे. टाचेच्या कडेला टोचायचं, थेंबभर रक्त घ्यायचं, काम मिनिटाचं. पण सिस्टर अजून सुईकडे वळलेल्या नाहीत.

आधी जिभेवर आईच्या काढलेल्या दुधाचे दोन-चार थेंब. काही एनआयसीयूंमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांत, त्याऐवजी 24 टक्के साखरेचं पाणी, तेही मोजून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून देतात. (घरी करून बघण्याचा हा उपाय नव्हे!) गुण यायला साधारण दोन मिनिटं लागतात, आणि घाईच्या पाळीत नेमकी तीच वाचवली जातात.

आता दुसऱ्या सिस्टरांचे हात पाहा. एक डोक्यावर, दुसऱ्याने हातपाय पोटाशी दुमडून धरलेले, आईच्या पोटात असायचे तसे. दाबायचं नाही, थोपटायचंही नाही. इतक्या कमी दिवसांच्या बाळाला गोंजारणंसुद्धा सोसत नाही. स्थिर, उबदार हात मात्र सोसतो.

टोचलं. बाळ रडलं नाही. म्हणजे दुखलं नाही? अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या जिवाला रडायला ताकद कुठली! भुवया आक्रसतात, डोळे घट्ट मिटतात, नाकाशेजारची घडी खोल होते. मॉनिटरवर ठोके वाढतात, ऑक्सिजन उतरतो. हे सगळं बघून वेदनेला गुण देतात. त्यात गर्भवयही धरतात, कारण बाळ जितकं अपुऱ्या दिवसांचं, तितकी त्याची खूण पुसट.

1980च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी अशा बाळांवर पुरेशी भूल न देताच शस्त्रक्रिया व्हायच्या. इंदूरला शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये दाखवून दिलं, की नीट वेदनाशमन मिळालेली बाळं शस्त्रक्रियेनंतर जास्त सावरतात. साल 1987. मोठ्या शस्त्रक्रियेला औषध हवंच. दुधाचे थेंब तिथे पुरत नाहीत.

पण रोजच्या टोचण्यांसाठी आईसारखा उपाय नाही. इनक्युबेटर अपुरे पडले म्हणून 1978मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालेली कांगारू पद्धत इथे कामी येते. बाळ आईच्या उघड्या छातीशी, वर दुपटं, आणि सिस्टर मागून अलगद टाच धरतात. टाच पिळायची नाही. पिळण्याचं दुखणं टोचण्याहून कमी नसतं.

रक्त मिळालं, तरी हात लगेच काढत नाहीत. ठोके खाली येईपर्यंत थांबतात. मग सिस्टर फाइल उघडून डॉक्टरांना विचारतात: संध्याकाळची तपासणी उद्या सकाळच्या रक्तातच करता येईल का?