सर्फबोर्ड घडवण्याची पद्धत कशी निवडावी

वडोदऱ्याला जवळ असलेल्या खंभातच्या आखातात गाळ आणि भरती-ओहोटीचे प्रचंड अंतर आहे. त्यामुळे सर्फिंगच्या लाटांसाठी दक्षिणेतील मुल्की, कोवलम किंवा वर्कला गाठावे लागते. तरीही या शहरात सर्फबोर्ड घडू शकतो, कारण दांडिया बाजारातून मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, फायबरच्या टाक्यांच्या कामाला जाणाऱ्या आपल्या कारागिरांना काचेचे कापड आणि रेझिन, म्हणजे कालवल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव, हाताळण्याची चांगली सवय आहे.

मात्र टाकी आतून पोकळ असते आणि बोर्डाच्या पोटात बहुधा फोम असतो. पद्धतीची निवड त्या फोमपासूनच सुरू होते. गाभा पॉलियुरेथेनचा, म्हणजे कारखान्यातल्या भाषेत पफचा असेल, तर स्वस्त पॉलिएस्टर रेझिन चालते. पण तो थर्माकोलचा असेल, तर त्याच रेझिनमधले स्टायरीन हे रसायन गाभा विरघळवून टाकते, म्हणून तिथे इपॉक्सी रेझिनच वापरावे लागते. अमेरिकेतील बहुतेक कारागिरांना पॉलियुरेथेनचे गाभे पुरवणारी क्लार्क फोम ही कंपनी डिसेंबर २००५ मध्ये अचानक बंद झाली, तेव्हा अनेकांना थर्माकोल आणि इपॉक्सीकडे वळावे लागले.

हँड ले-अपमध्ये कापड अंथरून रेझिन ओततात आणि जादा रेझिन रबरी पट्टीने ओढून काढतात. हलक्या बोर्डासाठी चौरस मीटरला सुमारे १३५ ग्रॅम वजनाचे कापड घेतात. पाय टेकतात त्या वरच्या बाजूला दोन थर, खाली एक. प्रत्येक बोर्डाचा आकार बदलता येतो, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण. उरलेले रेझिन मात्र नुसते वजन वाढवते. म्हणून ओल्या थरावर पील प्लाय (नंतर सोलून काढायचे कापड), शोषक कापड आणि प्लास्टिकची पिशवी चढवून व्हॅक्यूम पंप लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र पूर्ण निर्वातात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टनांचा भार येतो आणि हलका थर्माकोल त्याखाली चेपतो. त्यामुळे पंपाची ओढ बरीच कमी ठेवावी लागते.

पवनचक्कीच्या पात्यांसाठी उत्तम ठरलेली इन्फ्युजनची, म्हणजे कोरड्या कापडात निर्वाताने रेझिन ओढून घेण्याची, पद्धत इथे मोहात पाडते, परंतु थर्माकोलच्या मण्यांमधील फटींत रेझिन शिरते आणि वाचवलेले वजन परत येते. बंद साच्यात पोकळ कार्बनचे बोर्ड फार सुबक होतात. पण साच्याचा खर्च एकाच आकाराचे पुष्कळ बोर्ड विकले गेले तरच भरून निघतो, आणि नव्या कारखान्यातल्या बोर्डांचा आकार तर दर हंगामात बदलत राहणार.

शिवाय इथली हवा लक्षात घ्यावी लागते. मे महिन्यात कालवलेले इपॉक्सी भांड्यातच लवकर घट्ट होते. पावसाळ्यातल्या दमटपणाने त्याच्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो, आणि तो पाण्याने धुऊन, पॉलिशपेपरने घासल्याशिवाय पुढचा थर नीट चिकटत नाही. त्यामुळे ले-अपचे काम शक्यतो हिवाळ्यात उरकावे.