जमिनीखालून गॅरेजपर्यंत

(दृश्य: घराची मागची भिंत, मध्ये मोकळी जागा, पलीकडे गॅरेज)

घर आणि गॅरेज यांच्यात ४० मीटर अंतर. आत्तापर्यंत एक्स्टेन्शन बोर्डावर दिवा लागत होता. आता तिथे कॉम्प्रेसर बसणार, म्हणून केबल जमिनीखालून न्यायची आहे.

कुदळ उचलण्याआधी हिशोब करू. तांब्याची अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणि १५ अँपिअरची मोटर धरली, तर जाऊन-येऊन ८० मीटर तारेत जवळपास ९ व्होल्ट जिरतात. चालू मोटरला ते चालून जातं. पण सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा घट ४० व्होल्टच्या पुढे जाते आणि मोटर नुसती गुरगुरत बसते. सहा स्क्वेअर एमएमला हेच ९ व्होल्ट पावणेचारवर येतात. इथे काटकसर नको.

(दृश्य: चर, तळाशी वाळू पसरणारे हात)

चर दोन-अडीच फूट खोल. तळाशी चाळलेली वाळू, त्यावर आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली केबल, वर पुन्हा वाळू. दगडाचं टोक केबलला टेकता कामा नये. वळणावर केबल मोडायची नाही. तिच्या जाडीच्या निदान बारा पट त्रिज्येचं सैल वळण द्यायचं. पाइपातून नेली तरी आत पाणी साचतंच, सांधे कितीही घट्ट बसवा. म्हणून घरातली साधी वायर पाइपात ओढून भागत नाही.

(दृश्य: गॅरेजबाहेर जमिनीत ठोकलेला रॉड)

आता अर्थिंग. ‘रॉड ठोकलाय की, मग झालं!’ हे हमखास ऐकू येतं. नाही झालं. चांगल्या रॉडचा रोध १० ओहम धरा. फेज कॉम्प्रेसरच्या पत्र्याला लागला, तर २३० व्होल्टवर या रॉडमधून फार तर २३ अँपिअर जातील. ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, ढिम्म हलणार नाही आणि पत्र्यात करंट तसाच राहील. म्हणून घरच्या मेन बोर्डापासून अर्थची तार केबलसोबतच न्यायची. दोष झाला की करंट तिच्यातून भसकन परततो आणि एमसीबी पडतो. रॉड असला तर जोडीला. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच सप्लाय तोडणारा स्विच, हवाच. आणि गॅरेजच्या डीबीत (स्विचच्या पेटीत) न्यूट्रल व अर्थ एकत्र बांधायचे नाहीत, नाहीतर न्यूट्रलचा करंट अर्थच्या तारेतून आणि केबलच्या आर्मरमधूनही फिरू लागतो. या जोडण्या लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्यायच्या.

(दृश्य: मेगरचा काटा)

चर उघडा असतानाच मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावायचा, ५०० व्होल्टवर, केबलची दोन्ही टोकं सुटी ठेवून. नवी केबल शेकडो मेगओहम दाखवते. आकडा एक-दोनवर आला, तर टाकताना कुठेतरी इन्सुलेशन सोललंय. ते आत्ताच शोधा. मग अर्धी माती, केबलच्या फूटभर वर इशाऱ्याची पट्टी, उरलेली माती.

सप्लाय सुरू केल्यावर पहिलं बोट आरसीसीबीच्या टेस्ट बटणावर. तो पडला की मग कॉम्प्रेसरची पिन लावा.