चौथं कलम कुणासाठी?

जानेवारी २०२२. कझाकस्तानात गॅसच्या दरवाढीवरून पेटलेलं आंदोलन अल्माटीपर्यंत पोचलं. सरकारी इमारती जळाल्या. राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी मदत मागितली आणि दुसऱ्याच दिवशी रशियन विमानं सैनिक घेऊन निघाली.

[नकाशा: सहा सदस्य देश]

ही फौज सामूहिक सुरक्षा करार संघटनेची होती. रशिया, बेलारूस, आर्मेनिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान हे तिचे सदस्य. करारातलं चौथं कलम म्हणतं, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. फौज पाठवत असल्याची घोषणा केली निकोल पाशिनयान यांनी. ते आर्मेनियाचे पंतप्रधान. संघटनेचं अध्यक्षपद तेव्हा त्यांच्याकडे होतं. चिमुकल्या आर्मेनियाने आपले सुमारे ७० जवानही धाडले.

आठ महिन्यांनी संकट आर्मेनियावरच आलं. १३ सप्टेंबरला अझरबैजानचे तोफगोळे जेर्मुक आणि आसपासच्या भागात कोसळले. दोनशेहून अधिक आर्मेनियन मारले गेले. पाशिनयान यांनी तेच चौथं कलम पुढे केलं.

पाहणी पथक आलं. फौज आली नाही.

कारण प्रत्येकाचं गणित वेगळं होतं. युक्रेनवर चढाई करण्याच्या दोनच दिवस आधी पुतिन यांनी अझरबैजानशी मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. बेलारूसने तर याच अझरबैजानला पोलोनेज रॉकेटं विकली होती. कझाक आणि किर्गिझ अझरबैजानसोबत तुर्किक भाषक राष्ट्रांच्या संघटनेत बसतात. शिवाय त्याच आठवड्यात किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान, दोघेही सदस्य, सीमेवर एकमेकांशीच लढत होते. संघटनेच्या सोयीचा शत्रू असा उरलाच नव्हता. आणि त्याची किंमत मोजली ती सगळ्यात एकाकी सदस्याने.

[येरेवान, २३ नोव्हेंबर २०२२]

संघटनेची शिखर परिषद आर्मेनियाच्याच राजधानीत भरली. पुतिन आणि बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को समोर बसलेले. पाशिनयान यांनी अंतिम घोषणापत्रावर सही करायला नकार दिला. हल्लेखोराचं नाव घ्यायचीही संघटनेची तयारी नसेल, तर यजमानाने आणखी काय करायचं?

पुढच्या वर्षी नागोर्नो-काराबाख, अझरबैजानच्या हद्दीतला पण आर्मेनियन वस्तीचा प्रदेश, हातचा गेला. एक लाखाहून जास्त आर्मेनियन घरदार सोडून निघाले. २०२४च्या फेब्रुवारीत पाशिनयान यांनी संघटनेतला सहभाग गोठवल्याचं जाहीर केलं. आर्मेनिया आता फ्रान्सकडून आणि भारताकडून शस्त्रं घेतो. त्यात पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत आकाराला आलेली पिनाका रॉकेट यंत्रणाही आहे. आर्मेनियातल्या ग्युम्री शहरातला रशियन लष्करी तळ मात्र कायम आहे. त्याचा करार २०४४पर्यंतचा आहे.